गुरव-भूत, ठोके एकशे बहात्तर

१. प्रशिक्षणार्थीचे नाव, शाखा, कालावधी

मैथिली दिनकर गुरव. एम. टेक., विद्युतचुंबकीय अभियांत्रिकी. डिसेंबर ते मे.

कॉलेजने दिलेल्या अहवालाच्या नमुन्यात सात रकाने होते. हा पहिला मैथिलीने आल्या दिवशीच भरून टाकला. पुढचे सहा बरेच दिवस कोरे राहिले, आणि त्यात तिचा आळस नव्हता. फाटकावर तिच्याकडून चौदा पानांवर सह्या घेतल्या होत्या. त्या चौदा पानांचं सार एवढंच, की आत जे दिसेल ते आतच ठेवायचं.

"आईलासुद्धा सांगायचं नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. हे कमांडर पोतनीस, नौदलातून निवृत्त झालेले. "माझ्या आईला अजून वाटतं मी जहाजावरच आहे."

ती हसली. ते हसले नाहीत.

जागा म्हणजे सिंधुदुर्गातला एक सडा. समुद्राकडे तोंड करून पसरलेलं जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. मोठं झाड नाही, विजेच्या तारा नाहीत, मोबाइलचा मनोरा नाही. फोन एकच. तोही तारेचा, फाटकावरच्या केबिनमध्ये, आणि बोलताना शेजारी पहारेकरी बसलेला. फाटकापासून प्रयोगशाळा चांगली किलोमीटरभर आत.

२. यंत्राचे तत्त्व

अहवालात: गोपनीय.

तत्त्व तिला कॅन्टीनमध्ये कळलं, खिचडी खाताना. डॉ. शुभदा केंजळे तिच्या मार्गदर्शक. वय बेचाळीस, आवाज कोरडा, पायात कायम कापडी बूट. त्यांनी एक साबुदाणा चमच्याच्या टोकावर घेतला.

"हिरा एवढाच. कारखान्यात घडवलेला. हिरा म्हणजे कार्बनचे अणू, ओळीत बसलेले. एक अणू काढायचा, तिथे नायट्रोजनचा बसवायचा, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या जागेपाशी जे इलेक्ट्रॉन राहतात, ते भलते हळवे असतात. जवळपास चुंबकक्षेत्र जरासं हललं तरी त्यांना कळतं. हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल उजळतो. किती उजळला त्यावरून आपल्याला कळतं, की त्या इलेक्ट्रॉनांना काय जाणवलं."

"असे किती हिरे आहेत मॅडम?"

"सड्यात पुरलेत एक हजार चोवीस. एकटा हिरा वेंधळा असतो, चुका करतो. पण त्यांची एकमेकांशी गुंफण केली, की सगळे मिळून एका हिऱ्यासारखे वागतात. मग चुका एकमेकींना खातात आणि उरतं ते खरं."

"आणि ऐकायचं काय?"

मॅडमनी साबुदाणा खाऊन टाकला. "हृदय. प्रत्येक ठोक्याला हृदयातून विजेची बारीक लाट जाते, आणि वीज वाहिली की चुंबकक्षेत्र आलंच. छातीपाशीसुद्धा ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दहा लाखांश. दूर गेलं की जवळजवळ काहीच नाही. ते जवळजवळ काहीच नाही आपण ऐकतो."

प्रकल्पाचं नाव होतं 'कानोसा'. नौदलाला तो हवा होता बंदरांच्या रक्षणासाठी. शत्रूचा पाणबुड्या रात्री पोहत येतो. अंगावर धातू नाही, आवाज नाही, रबरी पोशाखातून ऊबही बाहेर पडत नाही. तरी आत हृदय चालू असतंच. लष्कराला तो हवा होता बर्फाखाली गाडले गेलेले जवान शोधायला, आणि भूकंपानंतर ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे ते सांगायला.

त्या दुपारी मॅडमनी तिला पहिल्यांदा पडद्यासमोर बसवलं. काळ्या पडद्यावर सड्याचा नकाशा, आणि त्यावर ठिपके. प्रत्येक ठिपका उमलत होता, मिटत होता, आपापल्या लयीत. स्वयंपाक्याचा ठिपका. जिन्यावर धावल्यामुळे लगबगीने उमलणारा कुणाचा तरी. कुंपणाबाहेर चरणाऱ्या अकरा शेळ्या. आणि खोलीच्या मधोमध, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दोन ठिपके.

"हा कोण?" मैथिलीने विचारलं.

"तू."

तिने छातीवर हात ठेवला. पडद्यावरचा ठिपका आणि तळहाताखालचा ठोका एकाच क्षणी. ठिपका एकदम भराभर उमलायला लागला.

"सगळ्यांचं असंच होतं," मॅडम म्हणाल्या. "माझं अजून होतं."

३. नेमून दिलेले काम

अहवालात: नको असलेल्या संकेतांची छाननी.

म्हणजे झाडू मारणं. शेळी, कुत्रा, टिटवी, गाडीचं इंजिन, हे सगळं ओळखून यंत्राला शिकवायचं, की हे दिसलं तर पुसून टाक. यंत्र आज्ञाधारक होतं. एकदा शिकलं की ते पुन्हा विचारायचं नाही.

न ओळखता आलेल्या संकेताला इथे भूत म्हणत. ज्याला सापडेल त्याचं नाव त्या भुताला. भुतांची एक लाल कापडी बांधणीची वही होती आणि ती सांभाळत तंत्रज्ञ इस्माईल मुल्ला. सगळ्यांचे इस्माईलचाचा. दर शुक्रवारी चहाच्या वेळी पोतनीस सर सगळ्यांसमोर ती वाचत. ज्याच्या नावाचं भूत त्याने उठून खुलासा करायचा. खुलासा झाला की भुतावर काट, खुलासा यंत्रात, आणि ज्याला ते सापडलं त्याच्याकडून सगळ्यांना भजी. वहीत खोटं लिहायचं नाही आणि ओळ वगळायची नाही, एवढेच दोन नियम. चाचांचं स्वतःचं भूत चार महिने सगळ्यांना छळत होतं. शेवटी ते निघालं चाचांच्याच खिशातला अडकित्ता.

"एवढे मोठे शास्त्रज्ञ," चाचा सांगत, "आणि चार महिने माझ्या सुपारीमागे."

४. निरीक्षणे

सोमवार, सकाळी ९.४०. अनोळखी ठोका, मिनिटाला १७१. फारच क्षीण. कॅन्टीन.

सोमवार, ११.१५. तोच. १७२. प्रयोगशाळा.

सोमवार, ४.०५. तोच. १७२. सड्यावर, उत्तरेच्या बाजूला. चालतोय.

मंगळवार. दिवसभरात नऊ वेळा. रात्री मुक्कामाच्या खोल्यांकडे.

"मांजर," चाचांनी निकाल दिला आणि वहीत लिहिलं: *गुरव-भूत, १७२. मांजर?* कॅन्टीनची मांजर सगळ्यांच्या पायापायांत असायची आणि तिचं हृदय साधारण एवढंच धावायचं. मैथिलीने बुधवारी मांजरीला तांदळाच्या कोठीत कोंडलं आणि पडद्यासमोर येऊन बसली. मांजर कोठीत, पोत्यावर झोपलेली, एकशे तीस. आणि एकशे बहात्तर निवांत चढण चढून वर निघालेलं.

त्याच्या अगदी लगत दुसरा एक ठिपका होता, मोठा, संथ, मिनिटाला शहात्तर. मैथिलीने तीन दिवसांच्या नोंदी मागे नेऊन पाहिल्या. लहान ठिपका त्या मोठ्याला सोडून कधीही, एकदाही, दिसला नव्हता.

मोठा ठिपका केंजळे मॅडमचा होता.

५. आलेल्या अडचणी

मैथिलीची आई कवठेमहांकाळच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. सव्वीस वर्षांत तिने किती बाळंतपणं केली याचा हिशेब तिनेही ठेवला नव्हता. मैथिलीने फाटकावरून फोन लावला.

"आई, एक विचारू? मिनिटाला एकशे बहात्तर ठोके कुणाचे असतात?"

"अशक्त माणसाचे. ताप आहे का तुला?"

"माणसाचे नाही. म्हणजे... लहान. फार लहान."

"पोटातल्या बाळाचे. नवव्या आठवड्यात एवढे असतात, मग उतरतात. सोनोग्राफीच्या कागदावर रोज बघते मी." मग आईचा आवाज एकदम खाली आला. "मैथिली. खरं सांग."

"आई, माझं नाही!"

शेजारी बसलेल्या पहारेकऱ्याने वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. ते उलटं होतं.

"मग कुणाचं?"

"ते सांगता येत नाही."

"कोण आहे तो?"

"कुणी नाही गं! इथलं काही सांगायची परवानगी नाही मला."

"परवानगी!" आई म्हणाली. "हे असलं बोलायला परवानगी लागते होय? मी रजा टाकते." आणि फोन ठेवला.

मैथिली बाहेर येऊन दगडावर बसली. आईचं काय व्हायचं ते होईल. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. नऊ आठवड्यांचं म्हणजे केवढं? एका द्राक्षाएवढं. त्याचं हृदय त्याहून किती लहान, तिळाएवढं, त्याहूनही बारीक. त्या तिळाने उसळवलेली विजेची लाट दोनशे मीटर जांभ्यातून जाऊन एका हिऱ्यातल्या रिकाम्या जागेला पोचत होती. कुणालाच माहीत नसताना ते चालू होतं. बहुधा मॅडमनाही.

६. मार्गदर्शकाशी झालेली चर्चा

गुरुवारी सकाळी मॅडम सड्यावर हिऱ्यांना जोडलेल्या तारा तपासत होत्या. मैथिली हातात धरायचा फिरता पडदा घेऊन तिथे गेली.

"मॅडम, त्या खुंटीपर्यंत जाऊन परत येता का?"

"का?"

"जाऊन या ना."

मॅडम गेल्या. परत आल्या. मैथिलीने पडदा त्यांच्यापुढे धरला. गेलेली वाट, आलेली वाट, आणि त्या वाटेवरून सोबत गेलेले आणि सोबत आलेले दोन ठिपके.

अकरा वर्षं हेच वाचणाऱ्या बाईला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "संकेताचं गोंगाटाशी गुणोत्तर?"

"चार."

"किती वेळा?"

"एकतीस."

"मांजर कोंडून पाहिलंस?"

"हो मॅडम."

मॅडम खाली बसल्या, तापलेल्या जांभ्यावर तशाच. "मला वाटलं वय झालं आता," त्या म्हणाल्या. "पाळी लांबली तर तेच वाटतं ना." त्यांनी पडदा मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ त्या लहान ठिपक्याकडे बघत राहिल्या. उमलतोय, मिटतोय, उमलतोय. "हे यंत्र मी पाणबुड्यांसाठी बांधलं गं."

मैथिली शेजारी बसली.

"दोन वेळा झालंय," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही वेळा दहावा आठवडा. दोन्ही वेळा पेढे वाटून झाले होते. नंतर सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायला लागले. पोतनीस सरसुद्धा. मला ते पुन्हा नकोय. या वेळी कुणाला कळायला नको."

"उद्या वही वाचतील."

"मांजर लिहिलंय ना चाचांनी? मांजरच सांग."

"आणि सोमवार?"

सोमवारी दिल्लीची समिती येणार होती. समितीसमोर तारेच्या मोठ्या वेटोळ्यातून चुंबकीय धक्का द्यायचा, यंत्र आंधळं करायचं, आणि ते किती सेकंदांत पुन्हा ऐकायला लागतं ते दाखवायचं. ज्याने बांधलं त्याने धक्क्याच्या वेळी मधल्या खुंटीपाशी उभं राहायचं, अशी इथली रीत होती. गर्भवतीला मात्र त्या वेळी कुंपणाच्या आतही मनाई.

"ताप आला म्हणून बाहेर थांबेन. त्याची काळजी करू नको. तू फक्त मांजर म्हण."

मैथिलीने होकारार्थी मान हलवली, आणि मग जे बोलायचं नव्हतं ते तिच्या तोंडून गेलंच. "मांजर म्हटलं तर यंत्र शिकेल मॅडम. मग असा ठोका आला की ते पुसून टाकेल. कायमचं. तान्ह्या बाळाचं हृदयही जवळपास एवढंच धावतं. उद्या कुठे भूकंप झाला आणि ढिगाऱ्याखाली..."

"मला माहीत आहे यंत्र काय शिकतं," मॅडम म्हणाल्या. मग, तिच्याकडे न बघता, "प्लीज."

७. सादरीकरण आणि निष्कर्ष

*(या रकान्यासाठी दिलेली जागा अपुरी आहे.)*

शुक्रवार. चहा, बावीस माणसं, लाल वही.

पोतनीस सरांनी चष्मा लावला. "गुरव-भूत. एकशे बहात्तर. पुढे मांजर, प्रश्नचिन्ह. काय मिस गुरव, प्रश्नचिन्ह खोडायचं ना?"

"आज भजी!" कुणीतरी मागून ओरडलं.

मैथिली उभी राहिली. चाचांनी पेन उघडून धरलं होतं. खिडकीपाशी मॅडम कपात बघत होत्या. एक शब्द म्हणायचा होता. रात्रभर तिने तो म्हणून पाहिला होता आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांपुढे यंत्र आलं होतं, आज्ञाधारकपणे, एकेक लहान ठिपका पुसत जाणारं.

"मांजर नाही, सर."

"मग?"

"मला माहीत आहे. पण सांगायचा हक्क माझा नाही."

पोतनीसांनी चष्मा काढला. "मिस गुरव, ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे. इथे माहीत आहे पण सांगणार नाही, असं प्रशिक्षणार्थी म्हणत नाहीत. खुलासा द्या, नाहीतर सोमवारच्या आत सामान आवरा."

"चालेल, सर."

"काय चालेल?"

"आवरते." तिने वहीकडे बोट केलं. "फक्त मांजर लिहू नका. कोरं ठेवा, चालेल. खोटं लिहिलं तर..."

"माझं आहे ते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी कप खिडकीत ठेवला होता. "चाचा, लिहा. मानवी गर्भ, अंदाजे नऊ आठवडे. मातेचं नाव केंजळे." आणि मैथिलीकडे वळून, जवळजवळ रागाने, "माझ्या यंत्रात खोटी नोंद जाताना बघायची तयारी केली होती मी. नाही जमलं."

चाचांनी पेन टेकवलं, पण त्यांचा हात चालेना. पोतनीस उठून उभे राहिले. मग उभं का राहिलो ते त्यांनाही कळेना.

"नियमाप्रमाणे आपल्याला सोमवारी कुंपणाबाहेर..." ते म्हणाले आणि थांबले. "तुम्ही बसा ना आधी. खुर्ची द्या रे कुणीतरी!"

सहा खुर्च्या आल्या.

"पेढे नकोत," मॅडम म्हणाल्या. "आणि हळू बोलायचं नाही माझ्याशी. काहीही झालं तरी."

"नाही बोलणार," पोतनीस मोठ्याने म्हणाले. मग लहान मुलासारखं विचारलं, "ते ऐकता येतं का हो?"

ऐकता येत होतं. आजवर कुणी तसा विचारच केला नव्हता. मैथिलीने मॅडमकडे पाहिलं. त्यांनी होकार दिल्यावर तिने त्या ठिपक्याची लय कर्ण्यावर जोडली.

आधी नुसती खरखर. मग तिच्यातून, दूरवरून घोडा धावत यावा तसा, तो आवाज वर आला. बावीस माणसं चहा हातात घेऊन बसली होती. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यभर स्फोटकं नाहीतर पाणबुड्या हाताळल्या होत्या. कुणी कप तोंडाला लावला नाही. सगळ्यांच्या चहावर साय धरली.

•

सोमवार. सकाळी दहा.

मॅडम फाटकाबाहेर, एसटीच्या थांब्यावरच्या बाकावर. नियम म्हणजे नियम. मधल्या खुंटीपाशी इस्माईलचाचा उभे राहिले, अडकित्ता घरी ठेवून. पडद्यासमोर मैथिली. तिच्यामागे दिल्लीची समिती आणि समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, मूळचे नागपूरचे एक ॲडमिरल.

जाताना मॅडमनी तिला एवढंच सांगितलं होतं, "मोजणी विचारली तर खरी सांग."

वेटोळ्याने धक्का दिला. सड्यावरच्या टिटव्या एकदम उडाल्या आणि पडदा काळा झाला. दहा सेकंद. वीस. पोतनीस सर हातांची घडी घालून समुद्राकडे बघत होते. तीस. आता या जगात कुणीच उरलेलं नाही असा तो काळा पडदा होता. आणि चौतिसाव्या सेकंदाला मधोमध चाचा उमलले. मग स्वयंपाकी. मग एकेक करत सगळे, खोल्या, वाटा, कुंपण. आज सगळे हिरे गुंफलेले होते, आणि यंत्र आजवर कधी पोचलं नव्हतं तिथवर पोचत चाललं होतं. प्रयोगशाळेपासून किलोमीटरभर दूर, थेट फाटकाबाहेर.

"वा," ॲडमिरल म्हणाले. मग त्यांनी फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण हे पहा. बाहेर बाकावर तर दोनच जणी बसून राहिल्या ना? अन् तुमचं यंत्र तीन सांगून राहिलं."

त्यांनी कागदावर 'चूक : एक' असं लिहायला सुरुवात केली. यंत्राला मांजर शिकवली असती तर पडद्यावर दोनच ठिपके असते आणि सगळे खूश झाले असते.

मैथिलीने पडद्याकडे पाहिलं. एकशे एकाहत्तर, सुखरूप. त्याला लगटून मॅडम, ऐंशी. आणि शेजारचा तिसरा, एकशे दहाने धावणारा, तो मात्र अनोळखी होता. तिने कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं. हिरवी साडी, पायाशी कापडी पिशवी, केस विस्कटलेले. घाट उतरून, दोन एसट्या बदलून आलेली, संतापलेली तिची आई.

ती संतापून मॅडमना काय बोलली असेल आणि मॅडमनी तिला काय सांगितलं असेल, देव जाणे.

"यंत्र बरोबर आहे, सर," मैथिली म्हणाली. "तिघंच आहेत."

ॲडमिरलांनी पेन उचललेलंच ठेवलं. पुन्हा ठिपके पाहिले, मोठे दोन आणि तो बारीक, धावणारा एक. पुन्हा चित्र पाहिलं. दोन बायका. एकीने दुसरीचं मनगट हातात धरलं होतं, नजर घड्याळाकडे, आणि तिचे ओठ हलत होते. त्यांच्या पांढऱ्या मिशा किंचित थरथरल्या.

"ती बाई काय करून राहिली?" त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"मोजतेय, सर."